वाचक विचारतात: आत्याच्या ट्रंकेतल्या चिठ्ठ्या टाकायच्या का?

मागच्या अंकात मी हॅली क्विन ब्राउन या अमेरिकन प्राध्यापिकेबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. या बाई सव्वाशे वर्षांपूर्वी कॉलेजातल्या मुलांना चारचौघात उभं राहून बोलायचं कसं ते शिकवायच्या आणि त्यांचे कागद ओहायो राज्यातल्या एका विद्यापीठाच्या लायब्ररीत ठेवलेत, एवढंच लिहिलं होतं. बातमी अमेरिकेतली, पण प्रश्न आले ते सगळे किनाऱ्यावरून, अलिबागपासून मालवणपर्यंत. प्रत्येकाच्या माळ्यावर कुणाची तरी ट्रंक आहेच आणि त्यात कुणा आजीचं, आत्याचं, आईचं बाड आहे. त्यातले काही प्रश्न इथे घेतलेत. नावं छापलेली नाहीत, गावं छापलीत. काही पत्रं लांबलचक होती ती थोडी कापलीत, रागावू नका.

प्रश्न: भाषण शिकवायला प्राध्यापक लागतो हे मला नवीनच आहे. आमच्या वेळी वक्तृत्वस्पर्धेच्या आदल्या रात्री बाबा भाषण लिहून द्यायचे, आम्ही पाठ करायचो, स्टेजवर जाऊन "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग" म्हणायचो आणि विसरलो की खाली यायचो. या ब्राउनबाई शिकवायच्या तरी काय? आणि हे सगळं अमेरिकेतच का, आपल्याकडे बायका भाषणं करत नव्हत्या का? आणि तिसरं, त्यांचे ते जुने कागद आता कुणाच्या कामाचे? (एक वाचक, गुहागर)

उत्तर: करत होत्या की! आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या त्याआधी २४ फेब्रुवारी १८८३ ला सेरामपूर कॉलेजच्या हॉलमध्ये उभ्या राहून इंग्रजीत बोलल्या, आपण का चाललोय ते सांगितलं, तेव्हा त्या पुरत्या अठरा वर्षांच्याही नव्हत्या. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज काढला तो व्याख्यानं देत देतच, आणि १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात त्या होत्या. पुण्याची वसंत व्याख्यानमाला तर न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्येच सुरू केलेली. म्हंजे बोलणाऱ्या बायकाही होत्या आणि ऐकणारे कानही होते. नव्हता तो विषय, कॉलेजात टाइमटेबलवर लावून, परीक्षा घेऊन, मार्क देऊन शिकवायचा.

अमेरिकेत तो होता, आणि त्याला तेव्हा इलोक्युशन म्हणायचे. आपण शाळेत इलोक्युशन म्हणजे पाठांतर करून कविता म्हणणं समजतो तेवढंच ते नव्हतं. श्वास कुठे घ्यायचा, आवाज शेवटच्या बाकापर्यंत कसा न्यायचा, हात कधी उचलायचा आणि मुख्य म्हणजे कधी उचलायचा नाही, शब्द कुठे तोडायचा, हे सगळं त्यात आलं. लाऊडस्पीकर साधारण १९२० च्या आसपास सभांमध्ये दिसायला लागले, त्याआधी दोन हजार माणसांसमोर बोलायचं तर गळा आणि फुप्फुसं एवढंच भांडवल. म्हणूनच हा विषय बऱ्याच ठिकाणी शारीरिक शिक्षणाला जोडलेला असायचा. मॉड मे बॅबकॉक नावाच्या दुसऱ्या एक बाई १८९२ मध्ये युटा विद्यापीठात गेल्या त्या इलोक्युशन आणि फिजिकल कल्चर हे दोन्ही शिकवायलाच, आणि पुढे ४६ वर्षं शिकवत राहिल्या.

आता ब्राउनबाई. पिट्सबर्गला जन्म, आईवडील दोघंही आधी गुलामीत राहिलेले. १८७३ मध्ये विल्बरफोर्स विद्यापीठातून पदवी घेतली, मग दक्षिणेत मिसिसिपी, साउथ कॅरोलायना भागात मळ्यांवरच्या शाळांत शिकवलं, त्यात गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या लोकांची मुलं असायची. १८९३ मध्ये विल्बरफोर्सला इलोक्युशनच्या प्राध्यापक. पण खुर्चीत बसणाऱ्यातल्या नव्हत्याच त्या, विद्यापीठासाठी पैसे गोळा करायला युरोपभर फिरल्या, १८९५ मध्ये लंडनला दारूबंदीवाल्या बायकांच्या जागतिक परिषदेत बोलल्या, व्हिक्टोरिया राणीसमोरसुद्धा उभ्या राहिल्या. १९२० ते १९२४ त्या काळ्या स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्ष होत्या. पाठांतराला घ्यायच्या वेच्यांचं त्यांचं पुस्तक 'बिट्स अँड ऑड्स' १८८० चं, आणि काळ्या स्त्रियांच्या चरित्रांचं 'होमस्पन हिरोइन्स' १९२६ चं.

मला त्यांच्यातलं सगळ्यात आवडतं ते १९२५ चं प्रकरण. वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय महिला परिषदेच्या निमित्ताने मोठा संगीताचा कार्यक्रम होता, काळे कलाकार गाणार होते, आणि काळ्या प्रेक्षकांना मात्र वेगळ्या कोपऱ्यात बसवायचं ठरलं. ब्राउनबाईंनी तिथेच उभं राहून जाहीर निषेध केला आणि कलाकारांनी गायला नकार दिला. आता हे वाचल्यावर कळतं की आवाज कसा लावायचा हा विषय त्या माणसांसाठी नुसता बक्षिसापुरता नव्हता. गावकीच्या बैठकीत मागच्या रांगेत बसलेल्या बाईला विचारा, ती लगेच समजेल.

आणि हो, १९१४ मध्ये सार्वजनिक भाषण शिकवणाऱ्या अमेरिकन प्राध्यापकांनी आपली वेगळी संघटना काढली तेव्हा संस्थापक १७ जण होते, सतरा के सतरा पुरुष. स्त्री अध्यक्ष व्हायला १९३२ साल उजाडलं. त्यामुळे या विषयातल्या सुरुवातीच्या बायकांनी वर्गात काय शिकवलं हे शोधायचं तर संघटनेच्या छापील इतिहासात कमी सापडतं, त्यांच्या स्वतःच्या कागदांत जास्त. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं, म्हंजे कागद कुणाच्या कामाचे याचं, उत्तर हेच आहे.

प्रश्न: माझी आत्या मुंबईत बायकांच्या एका कॉलेजात शिकवायची. विषय मराठी, पण वक्तृत्व आणि वादविवादाचं सगळं तिच्याकडे, मुली तिला भाषणवाल्या बाई म्हणायच्या. रिटायर झाल्यावर गावी आली, लग्न केलेलं नव्हतं, शेवटपर्यंत आमच्याकडेच. गेली तेव्हा एक पत्र्याची ट्रंक राहिली. आता घर दुरुस्तीला काढलंय म्हणून उघडली. त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या भाषणांच्या पाच-सहा वह्या आहेत, त्या मी ठेवणारच. पण बाकी सगळा कचरा आहे हो. अर्धी कापलेली पोस्टकार्डं, त्यावर चार चार शब्द आणि पेन्सिलीच्या रेघा, मुलींच्या याद्या आणि पुढे "हात खिशात", "घाई", "ष", असं काहीबाही, एसटीची तिकिटं, निमंत्रणपत्रिका, हार-नारळाच्या सत्काराचे फोटो, मानधनाची पाकिटं (रिकामी!). मिस्टर म्हणतात वह्या ठेव, उरलेलं बंबात घाल. काय करू? (एक वाचक, पावस)

उत्तर: ताई, बंब पेटवायला झावळ्या आहेत ना भरपूर? मग मिस्टरांना सांगा, तो ढीग असा आहे तसा राहू दे. आणि खरं सांगू का, दोन्हीतलं एकच ठेवता येईल अशी वेळ आली तर मी वह्या बाजूला ठेवीन आणि कापलेली पोस्टकार्डं उचलीन.

का ते सांगते. वहीतलं सुवाच्य भाषण हे बहुतेक वेळा भाषण झाल्यावर लिहिलेलं असतं, कुणीतरी स्मरणिकेत छापायला मागितलं म्हणून किंवा आपलं आपल्याला नीट राहावं म्हणून. ते वाचायला छान असतं, त्यात वाक्यं पुरी असतात, संस्कृत सुभाषित बरोबर असतं. पण त्या दिवशी त्या मांडवात आत्या जे बोलल्या ते हे नव्हे. हातात होतं ते पोस्टकार्ड. अर्धं का कापलं असेल तर तळहातात मावावं म्हणून आणि फडफडू नये म्हणून, साधा कागद थरथरला की वक्ता घाबरलाय हे पहिल्या रांगेला दिसतं, जाड कार्ड थरथरत नाही. बोलणारी माणसं अजूनही हेच करतात.

आता त्या पेन्सिलीच्या रेघा. मी तुमचं बाड पाहिलेलं नाही, पण अशा टिपणांत सहसा एक तिरकी रेघ म्हंजे थांबा, दोन रेघा म्हंजे जास्त थांबा, शब्दाखाली रेघ म्हंजे जोर, आणि कडेला आकडा असेल तर तो मिनिटांचा. आत्याची पद्धत वेगळी असू शकते. ती कळायची असेल तर एकाच विषयाची दोन-तीन कार्डं सापडतात का बघा. म्हंजे समजा 'स्त्री आणि वाचन' असं काही ती तीन गावांत बोलली असेल, तर तिन्ही कार्डं शेजारी ठेवा. एका ठिकाणी इंग्रजी कवीचं नाव खोडून तुकोबा आले असतील, एका ठिकाणी पहिला मुद्दा शेवटी गेला असेल. प्रेक्षक बदलला की बाई काय बदलायची हे तिथे दिसतं, वहीत ते कधीच दिसणार नाही कारण वहीला प्रेक्षक नसतो.

एसटीची तिकिटं फेकू नका म्हणताना मला हसू येतंय, पण खरंच नका फेकू. पाकिटावर तारीख नाही, कार्डावर तारीख नाही, निमंत्रणपत्रिकेवर नुसतं 'शनिवार सायं. ६' असतं, साल घालायची पद्धतच नाही आपल्याकडे. मग तिकीट, मानधनाच्या पाकिटावरचं मंडळाचं नाव आणि पत्रिका एकत्र आली की भाषणाचा दिवस आणि गाव पक्कं होतं. जुन्या तिकिटांवरची शाई उडत जाते, म्हणून त्यांचे फोटो पहिल्यांदा काढा. रिकामं पाकीटही ठेवा, त्यावर मंडळी आकडा लिहायची. बाईला किती द्यायचे आणि त्याच व्यासपीठावरच्या पुरुष वक्त्याला किती, हे कळायला तेवढाच एक कागद उरलेला असतो कधीकधी.

मुलींच्या याद्या तर सोनं आहेत. "हात खिशात", "घाई", "ष" म्हंजे ष आणि श चा घोळ असणार. हे शिकवणं आहे हो! वक्तृत्व कसं शिकवतात यावर पुस्तकं लिहिणारे पुष्कळ झाले, पण वर्गात उभ्या पोरीकडे बघून बाईने काय टिपलं हे असं क्वचित राहतं. फक्त एक काळजी, त्या मुली आज सत्तरीच्या असतील आणि "आवाज किनरा" असं आपल्याबद्दल फेसबुकवर आलेलं त्यांना आवडणार नाही. याद्या जपायच्या, चारचौघात टाकायच्या नाहीत. कुठल्या संस्थेला दिल्यात तर देताना लिहून द्या की अमुक वर्षांपर्यंत नावं झाकून दाखवा, संस्था असं मान्य करतात.

आणि हात लावायच्या आधी एक काम. ट्रंक उघडी ठेवून वरून फोटो काढा, मग थर काढत जाल तसतसे फोटो काढा. सुतळीने बांधलेला गठ्ठा असेल तर तो गठ्ठा एकत्रच राहू द्या, आपल्या डोक्याने तारखेवार, विषयवार लावायला बसू नका. आपल्याला सुट्टीत उत्साह येतो आणि आपण सगळं आवरून टाकतो. आत्याने सत्काराचा फोटो आणि त्या भाषणाचं कार्ड एका सुतळीत बांधलं असेल तर त्याला कारण आहे. अर्काइव्हवाली मंडळी याला मूळ क्रम म्हणतात आणि त्यावरून भांडतातसुद्धा. गठ्ठ्याला नंबर द्यायचा तर वेगळ्या चिठ्ठीवर, पेन्सिलीने.

प्रश्न: आमचं घर खाडीला लागून. आजीची भाषणं, पत्रं आंब्याच्या जुन्या लाकडी पेटीत होती, वर डांबराच्या गोळ्या. तरी कसर लागलीच, काही कागदांवर काळे-हिरवे ठिपके आलेत. वैशाखात सगळं खळ्यात उन्हात घालावं म्हणतोय, पापडांसारखं. आणि महत्त्वाचे आठ-दहा कागद लॅमिनेट करून आणावेत का? (एक वाचक, देवगड)

उत्तर: लॅमिनेट अजिबात नको, एकही नको. गरम रोलरमधून प्लास्टिक चिकटवलं की ते काढता येत नाही, आतला कागद आम्लाने पिवळा पडतच राहतो आणि वर हवाही मिळत नाही. सेलोटेपही नको, दहा वर्षांनी तो तपकिरी होऊन डिंकासकट शाई घेऊन निघतो. फाटलेला कागद तसाच फाटका ठेवला तरी चालतो, पाकिटात दोन्ही तुकडे एकत्र घाला बस.

उन्हाचं समजू शकते, आपल्याकडे मिरगाच्या आधी गाद्या, आमसुलं, डाळी, सगळंच उन्हात जातं. पण कागदाला थेट ऊन लागलं की तो तडकतो आणि शाई उडते, जुनी फाउंटन पेनची निळी शाई तर लगेच. पडवीत, सावलीत, वाऱ्याला घाला, कोरड्या दिवसात. ठिपके म्हंजे बुरशी. हवेतली आर्द्रता साधारण ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याच्या बरीच वर असते, मग दुसरं काय होणार. बुरशी आलेले कागद आधी वेगळे काढा नाहीतर बाकीच्यांना लागेल. सुकल्यावर, तोंडाला मास्क लावून, घराबाहेर, मऊ कोरड्या ब्रशने हलक्या हाताने झाडा. ओल्या फडक्याने पुसलंत की ती कागदात मुरली म्हणून समजा. दम्याच्या माणसाने हे काम करू नये.

आंब्याची पेटी सोडा आता. कच्च्या लाकडातून आम्ल बाहेर पडतं, आणि कसरीला खळ, डिंक, पिठाची चिकी फार आवडते, म्हणून ती वह्यांच्या पाठी आणि पुठ्ठे आधी खाते. डांबराच्या गोळ्या कागदाला चिकटून ठेवू नका, त्यांचा वास आपल्याला चढतो आणि कसर काही फारशी मरत नाही. आपल्याकडे पोथ्या बस्त्यात बांधायचे आणि सोबत वेखंड ठेवायचे, त्यातला बस्ता अजूनही चांगला आहे. धुतलेल्या, खळ गेलेल्या मांजरपाटात बांधा. आम्लविरहित फोल्डर मिळाले तर उत्तमच, नाहीतर सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद मध्ये घाला, पुण्याच्या हातकागद संस्थेचा मिळतो. गंजलेल्या टाचण्या, स्टेपल काढा, पण ओढू नका, मागून पाय सरळ करून मग. वर्तमानपत्राची कात्रणं कायम वेगळ्या पाकिटात ठेवायची, तो सगळ्यात हलक्या प्रतीचा कागद असतो, शेजारच्या पत्रावर आपला चौकोनी डाग उमटवतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, जमिनीपासून वर, आणि कौलाखालच्या माळ्यावर तर नाहीच, तिथे उन्हाळ्यात भट्टी आणि पावसाळ्यात गळती.

पुराचं किंवा वादळाचं पाणी शिरलं तर काय, हेही बरेच जण विचारतात (निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हापासून जास्तच). भिजलेले कागद दोन दिवसांच्या आत सुकायला लागले पाहिजेत, नाहीतर बुरशी. तेवढ्यात जमणार नसेल तर लहान लहान गठ्ठे प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये टाका, गोठले की बुरशी थांबते आणि मग सवडीने थोडे थोडे काढून पंख्याखाली सुकवता येतात. बांगडे दुसऱ्या कप्प्यात! फोटो, निगेटिव्ह आणि कॅसेटी मात्र फ्रीजरमध्ये नकोत. लाईट गेलेली असेल तर बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात ओळख काढा, हसू नका, कोरड्या डब्यात घालून ठेवतात लोक.

आणि एकाच घरात सगळं नको. ब्राउनबाईंच्या नावाची लायब्ररी ज्या विल्बरफोर्स गावात आहे तिथे ३ एप्रिल १९७४ ला टॉर्नेडो आला आणि सेंट्रल स्टेट विद्यापीठाच्या इमारतींची वाताहत झाली. आपल्याकडे टॉर्नेडो नसतील, दर्या आहे. स्कॅन करा, निदान ३०० डीपीआय, बारीक पेन्सिलीच्या खुणा असतील तर ६००, रंगीतच करा, काळं-पांढरं नको, पेन्सिल आणि शाई वेगळी कळली पाहिजे. एक कॉपी मुंबईच्या भावाकडे.

प्रश्न: ताई, माझी आवस शाळेत मास्तरीण होती, पोरांका भाषणा शिकवायची. तिका मोठमोठ्या लोकांनी पाठवलेली पत्रां आसत. भाचो म्हणता फेसबुकार टाकूया, एक जण इकत घेऊक पण तयार आसा. पत्रां आमची, मग कोणाक इचारूक कित्याक व्हया? (एक वाचक, मालवण)

उत्तर: कागद तुमचो, मजकूर तुमचो नाय. थोडक्यात एवढंच. पत्र ज्याला आलं त्याच्या मालकीचा तो कागद, पण त्यातल्या मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा आणि तो गेला असेल तर त्याच्या वारसांचा. आपल्या कायद्यात तो साधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो, आणि लेखक गेल्यावर पहिल्यांदा छापलेल्या लिखाणाला छापल्यापासून ६० वर्षं. म्हणून फेसबुकआधी पत्रलेखकाच्या घरी एक फोन करा, बहुतेक वेळा लोक आनंदाने हो म्हणतात. आईच्या स्वतःच्या भाषणांचं मात्र तुमच्याकडे आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पुढे घातलेल्या कलमाप्रमाणे चारचौघात केलेल्या भाषणाचा पहिला मालक भाषण करणारा असतो, भरवणारं मंडळ नाही.

विकायचं की नाही हा तुमचा प्रश्न, पैशाला नाक मुरडणाऱ्यातली मी नाही. पण विकत घेणारा माणूस सहसा मोठ्या सह्या उचलतो आणि आईची टिपणं तिथेच सोडतो, आणि एकदा पत्र एकीकडे अन् उत्तराचा कच्चा खर्डा दुसरीकडे गेला की दोन्ही मुकी होतात. द्यायचं तर एकगठ्ठा द्या.

प्रश्न: बाड संस्थेला द्यायचं तर कोकणात कुणाला? आणि आईच्या भाषणांच्या पाच-सात कॅसेटी पण आहेत, वाजवून बघू का? (एक वाचक, दापोली)

उत्तर: कॅसेटी आधी. वाजवू नका! उघडून बघा, फितीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी, तशी कॅसेट प्लेअरमध्ये घातली की प्लेअरचं हेड खराब होतं आणि पुढची चांगली कॅसेटही बिघडते. चांगली दिसत असेल तरी वरच्या कडेचे दोन्ही छोटे प्लास्टिकचे चौकोन मोडून टाका, मग तिच्यावर चुकून रेकॉर्ड होत नाही. घरोघरी अशी कित्येक भाषणं नंतर सिनेमाच्या गाण्यांखाली गेलीत. मग ज्याच्याकडे नीट मशीन आहे त्याच्याकडून एकदाच, डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये उतरवून घ्या, व्हॉट्सअॅपवर पाठवायला हवी तर एमपी३ त्यातून नंतर करता येते. उतरवताना टाळ्या, खोकले, "बसा बसा" असले आवाज काढून टाकू नका, मुळीच नका. हॉल किती भरला होता ते तिथेच कळतं.

संस्थेचं म्हणाल तर मुंबईत स्पॅरो आहे, १९८८ पासून फक्त स्त्रियांच्या आवाजांचं, फोटोंचं, कागदांचं काम करते. एसएनडीटी आहे, आणि ते विद्यापीठ १९१६ मध्ये काढणारे कर्वे तुमच्या शेजारच्या मुरुडचे, तेव्हा तुम्ही हक्काने विचारा. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं आहे, जुनं म्हणून सगळ्यांना माहीत. पण कुठेही नेऊन ठेवण्याआधी विचारा: कपाट आहे का, यादी कोण करणार, वाचायला कुणाला देणार, जागा कमी पडली तर काय करणार. शेवटच्या प्रश्नाला लेखी उत्तर घ्या. दानपत्र करा, सोबत यादी जोडा, सही-शिक्क्याची पोच घ्या. एका मोठ्या संस्थेत असं दिलेलं बाड जिन्याखाली पाणी पिताना मी डोळ्यांनी पाहिलंय, नाव नाही सांगत. तशा जिन्याखालच्या मानापेक्षा घरातला कोरडा कपाटाचा कप्पा शंभरपट बरा.

प्रश्न: मी टीवायला आहे, प्रोजेक्ट म्हणून एका जुन्या वक्त्या बाईंचे कागद बघायला मुंबईला जाणार आहे. सर म्हणाले छापील भाषणं वाच, त्यात सगळं आहे. मला खरं म्हणजे त्या कशा बोलायच्या ते हवंय, पण रेकॉर्डिंग एकही नाही. कागदावरून आवाज कसा कळणार? आणि तिथे गेल्यावर मागायचं काय? (एक विद्यार्थिनी, अलिबाग)

उत्तर: सरांचा मान राखून सांगते, सगळं नाहीये त्यात. आवाज पूर्ण कळणार नाही हे खरंच. आपल्याकडचा दशावतारातला राजा रात्रभर बोलतो, तेही लिहिलेल्या संहितेशिवाय, पहाटे पडदा पडला की पुराव्याला काही नाही, तिथे आपण हात टेकतो. पण तुझ्या बाईंनी निदान कागद तरी ठेवलाय. त्यावरून आवाज नाही पण श्वास कळतो. टिपणात दोन थांब्यांच्या मध्ये किती शब्द आहेत ते मोज. सुरुवातीला पंधरा-वीस आणि शेवटाकडे चार-पाच होत गेले असतील तर बाई शेवटी सावकाश, तोडून बोलायच्या. खोडलेले शब्द वाच. जोडाक्षरांचे अवघड शब्द खोडून सोपे घातलेत का, की उच्चारायला सोपे पण अर्थाने जड, ते बघ. पानावर अक्षर मोठं होत गेलंय का? मंद दिव्यात वाचायचं असलं की माणूस मोठं लिहितो, आणि वय झालं तरी.

मग बाजूचे कागद. त्या काळच्या वर्तमानपत्रात सभेची बातमी असेल तर बातमीदाराने आवाजाबद्दल दोन शब्द हमखास लिहिलेले असतात, बाईंच्या बाबतीत जरा जास्तच, आणि साडीबद्दलही. ते विशेषण तसंच उतरवून घे पण त्यावर विश्वास ठेवू नको. 'कोकिळकंठी' लिहिणाऱ्या पुष्कळांना मुद्दा समजलेला नसतो. श्रोत्यांची पत्रं आली असतील तर ती जास्त खरी, "मागे ऐकू आलं नाही" अशी तक्रार करणारं एखादं पत्र मिळालं तर तुझा दिवस सार्थकी लागला.

मागायचं काय: आधी यादी माग, संग्रहाची सूची, त्यात खोका आणि फोल्डर नंबरवार असतो. सूचीत 'भाषणे' म्हणून जे असेल ते सगळे मागतात, तू 'किरकोळ', 'इतर', 'अवर्गीकृत' असं लिहिलेला खोका माग. बाईंची कार्डं, याद्या, पाकिटं बहुतेक तिथेच ढकललेली असतात कारण यादी करणाऱ्याला त्यांचं काय करायचं कळलेलं नसतं. एका वेळी एकच फोल्डर उघड, कागद होते त्याच क्रमाने परत ठेव. फोटो काढायची परवानगी आधी विचार आणि प्रत्येक फोटोत फोल्डरचा नंबर येऊ दे, घरी येऊन कुठला कागद कुठला हे आठवत नाही, कुणालाच नाही. शाईचं पेन बॅगेतच राहू दे, पेन्सिल ने, आणि खोडरबर नेऊ नको. तिथल्या माणसांशी जेवणाच्या सुट्टीत बोल. खोका आला तेव्हा तो कुणी आणून दिला, सोबत आणखी काही होतं का, हे सूचीत नसतं पण शिपाईमामांना माहीत असतं.